कूतच्या वेढ्यातील आकाशरसद

विमानांतून लढत्या सैन्यास रसद पुरविण्याचा जगातील पहिला मोठा प्रयोग मेसोपोटेमियातील कूत-अल्-अमारा या तैग्रिसकाठच्या गावी १९१६ च्या एप्रिल महिन्यात झाला, आणि ज्या सैन्यासाठी तो झाला त्या सैन्याच्या नावातच आमच्या पुणे शहराचे नाव होते, ही गोष्ट युद्धेतिहासाच्या बहुतेक ग्रंथांत एका वाक्यात आटोपलेली असते. त्या वाक्याच्या शेपटाला बहुधा असेही जोडलेले आढळते की, विमानांनी टाकलेली पिठाची पोती जितकी शिबंदीच्या हाती लागली तितकीच नदीत किंवा तुर्कांच्या खंदकांत पडली. विनोद म्हणून हे ठीक आहे. वेढ्यात सापडलेल्या उपाशी माणसांनी तो तेव्हाच केला होता, आणि तसा करण्याचा अधिकार त्यांना होता. परंतु इतिहासकाराने तो विनोदच कारणमीमांसा म्हणून पुढे चालवावा, आणि वैमानिकांची नेम साधण्याची कला अपुरी पडली म्हणून कूत पडले असा ग्रह वाचकाच्या मनात राहू द्यावा, हे मला न्यायाचे वाटत नाही. नेम चुकत होता हे खरे. पण कूतचा निकाल आकाशात लागलेला नव्हता, तो त्यापूर्वी कित्येक महिने सिमल्याच्या दप्तरांत लागून चुकला होता.

सैन्याचे नाव ‘सहावा पुणे डिव्हिजन’. त्याच्या तीन ब्रिगेडांची मूळ ठाणी पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. म्हणजे शांततेच्या काळी ज्या छावण्यांवरून आपण रेल्वेने जातो-येतो त्याच छावण्यांतून ही पलटणे उठून गेली. १९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान युद्धात उतरताच इराणी आखाताच्या मुखाशी फाव येथे हे सैन्य उतरले, आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. इराणातील तेलाचे नळ सुरक्षित राखणे एवढाच मूळ हेतू होता. परंतु सहज मिळालेला विजय हा सेनापतींचा मोठा फितुरी सल्लागार असतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये मेजर जनरल चार्ल्स टाउन्शेंड यांच्याकडे डिव्हिजनची सूत्रे आली, जूनच्या आरंभी अमारा पडले, सप्टेंबरच्या अखेरीस कूत घेतले गेले, आणि तेथून सुमारे शंभर मैलांवर राहिलेल्या बगदादचे मनोरे मुख्य सेनापती सर जॉन निक्सन यांना स्वप्नात दिसू लागले. नोव्हेंबरच्या २२ तारखेस टेसिफोन येथे, प्राचीन इराणी सम्राटांच्या त्या भग्न कमानीच्या परिसरात, जी लढाई जुंपली तिच्यात टाउन्शेंडचे साडेचार हजारांच्या वर लोक कामास आले अथवा जखमी झाले. पुढे जाणे अशक्य झाले आणि माघार सुरू झाली. ३ डिसेंबर रोजी थकलेभागलेले सैन्य कूतमध्ये शिरले, आणि चारच दिवसांनी तुर्कांनी वेढ्याचे तोंड बंद केले.

या सैन्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशी तीन मराठा पलटणे होती. शिवाय खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर या मुलखांतून गेलेली ही माणसे. त्या बाजूच्या कित्येक गावांत, देवळाच्या भिंतीत किंवा चावडीवर, या गावातून महायुद्धास इतके लोक गेले व त्यांपैकी इतके मृत्यू पावले असे सांगणारी दगडी पाटी अजून पाहावयास मिळते. पाटीवर गावाचे नाव असते, आकडे असतात. ती माणसे कोठे गेली हे नसते. त्यांपैकी बऱ्याच आकड्यांचा शेवट कूतच्या वाटेवर झालेला आहे.

कूतची जागा पाहिल्यावाचून पुढील हकीकत नीट कळणार नाही. तैग्रिस नदी येथे नालाच्या आकाराचे वळण घेते, आणि त्या वळणाच्या पोटात सुमारे दोन मैल लांब व एक मैल रुंद अशी जिभेसारखी जमीन सापडते. जिभेच्या टोकाशी, म्हणजे दक्षिणेस, मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंस नदी. चौथ्या, उत्तरेच्या बाजूस शिबंदीचे खंदक, आणि त्यांच्यासमोर काही अंतरावर तुर्कांचे. नदीच्या पलीकडे ज्येष्ठमधाच्या कारखान्याची एक वस्ती होती, तीही टाउन्शेंडने आपल्या ताब्यात ठेविली होती, आणि तिचे रक्षण ज्यांच्याकडे होते त्यांत ११० वी मराठा पलटण होती. या एवढ्या जागेत सैनिक व बाजारबुणगे मिळून तेरा हजारांच्या आसपास माणसे, आणि त्यांच्याखेरीज गावचे सुमारे सहा हजार अरब रहिवासी कोंडले गेले.

रसद तुटलेल्या सैन्याची अवस्था काय होते हे मराठी वाचकास सांगावयास नको. पानिपतच्या तळावरील शेवटचे दिवस आपल्या बखरींनी पुरेसे तपशीलवार लिहून ठेवले आहेत. फरक इतकाच की, भाऊसाहेबांना बाहेर पडून लढता आले. टाउन्शेंडने कुमकेची वाट पाहण्याचे धोरण धरिले. शिवाय त्याच्या कोठीचा हिशेबही सुरुवातीस फसलेला होता. दोन महिन्यांपुरते धान्य आहे असा त्याचा पहिला खलिता. त्या खलित्याने घाबरून कुमकेच्या सैन्याचा सेनापती जनरल एल्मर याने जानेवारीत अपुऱ्या सैन्यानिशी घाईघाईने हल्ले केले, आणि शेख साद, वादी व हन्ना येथे हजारो माणसे गमावली. मग त्याच जानेवारीत गावातील घरांची झडती घेता जवाचे मोठे साठे बाहेर निघाले आणि सैन्य एप्रिलपर्यंत तग धरू शकेल असे ठरले! इतक्या माणसांचे प्राण ज्या आकड्यावर अवलंबून होते तो आकडा आधी नीट मोजला गेला असता, तर एल्मरला तयारीस अवधी मिळाला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

धान्य सापडले, पण ते दळावयाचे कसे? गावातील जात्यांवर एवढ्या सैन्याचे पीठ निघणे शक्य नव्हते. तेव्हा वेढ्याबाहेरील विमानपथकास तजवीज करण्यास कळविण्यात आले, आणि विमानांनी चक्कीचे दगड आणून टाकले. त्यांतील एक सत्तर पौंडांचा, म्हणजे आपल्या पस्तीस शेरांच्या आसपासचा दगड, हवाई छत्रीला बांधून खाली सोडण्यात आला. हवाई छत्रीची कीर्ती पुढे शूर सैनिकांच्या उड्यांमुळे झाली, पण तिने रणभूमीवर उतरविलेल्या पहिल्या ओझ्यांपैकी एक ओझे जात्याचा दगड होते, ही गोष्ट मला तरी त्या सर्व पराक्रमांहून अधिक लक्षात ठेवण्यासारखी वाटते. याखेरीज वेढ्याच्या पहिल्या महिन्यांत विमानांनी जे काही आत टाकले त्याची यादी एखाद्या तालुक्याच्या बाजारातील दुकानाची वाटावी: औषधे, बिनतारी यंत्राचे सुटे भाग, बंदुका साफ करण्याच्या दोऱ्या, रोख रुपये, वर्तमानपत्रे, अफू, आणि नदीतील मासे धरण्यासाठी कोळ्यांची जाळी.

आता आकाशातून वस्तू टाकून ती ठरल्या जागी पाडणे ही विद्या त्या वेळी किती वयाची होती हे पाहू. १९१० च्या जानेवारीत लॉस एंजलिसजवळच्या विमानमेळ्यात लुई पोलाँ या फ्रेंच वैमानिकाच्या विमानातून वाळूच्या पिशव्या खाली टाकून दाखविण्यात आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लेन कर्टिस याने न्यूयॉर्क राज्यातील क्यूका सरोवरावर युद्धनौकेचा आकार तरंगत्या खुणांनी आखून त्यावर खोटे बॉम्ब टाकण्याचा खेळ केला. १ नोव्हेंबर १९११ रोजी जूलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटने त्रिपोलीजवळ तुर्की छावणीवर सुमारे दोन किलो वजनाचे हातबॉम्ब विमानातून फेकले, आणि खेळाचे युद्ध झाले. पुढल्याच वर्षी टायर विकणाऱ्या मिशलँ बंधूंनी विमानातून अचूक वेध घेणाऱ्यास मोठे बक्षीस लाविले आणि ते रायली स्कॉट या अमेरिकनाने स्वतः बनविलेल्या वेधयंत्राच्या जोरावर जिंकले. म्हणजे कूतच्या वेळी या विद्येस जेमतेम सहा वर्षे झाली होती. आणि जी काही होती तीही जमिनीवर काही फोडण्याची विद्या होती. खाली पडणारी वस्तू फुटू न देण्याची विद्या कोणी शिकविलेली नव्हती.

नेम साधण्याच्या विद्येतील अडचण गणिताची होती. विमानातून सुटलेले पोते सरळ खाली पडत नाही; ते विमानाचा वेग अंगी घेऊनच निघते आणि वक्ररेषेत पुढे सरकत खाली येते. हवेचा अडथळा हिशेबात न धरता पाहिले, तर पाच हजार फुटांवरून सोडलेल्या वस्तूस जमीन गाठण्यास साडेसतरा सेकंद लागतात. विमान ताशी साठ मैलांनी चालले असेल तर तेवढ्या वेळात ती सुमारे दीड हजार फूट पुढे जाते. समोरून ताशी वीस मैलांचा वारा असेल तर हे अंतर हजार फुटांवर येते, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर दोन हजारांवर जाते. म्हणजे वाऱ्याची दिशा ओळखण्यात वैमानिक फसला, तर पोते हजार फूट इकडे किंवा तिकडे पडलेच म्हणून समजावे. आणि कळ ओढण्यास एका सेकंदाचा विलंब झाला तर आणखी अठ्ठ्याऐंशी फूट. वरच्या हवेतील वारा मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. खालच्या धुरावरून आणि नदीवरच्या लाटांवरून जो अंदाज बांधावयाचा तोच. पोत्याचे अंग बॉम्बासारखे निमुळते नसते, ते हवेत कोलांट्या खात येते, त्यामुळे गणितात बसलेली वक्ररेषा प्रत्यक्षात आणखी बिघडते. हजार फुटांवरून टाकले असते तर आठ सेकंदांत व सातशे फुटांच्या पल्ल्यात काम झाले असते, चुका त्या मानाने लहान झाल्या असत्या. परंतु हजार फुटांवर येणाऱ्या विमानास तुर्की शिपाई साध्या बंदुकीने पाडू शकत होता.

विमानेही कशी? कूतपासून खाली, नदीकाठी ओरा येथे कुमकेच्या सैन्याचा तळ होता, आणि तेथे रॉयल फ्लाइंग कोअरचे ३० क्रमांकाचे पथक आणि नौदलाची पाण्यावर उतरणारी काही विमाने होती. या पथकात मुळात ऑस्ट्रेलियातून आलेल्या वैमानिकांचा एक अर्धा ताफा होता. हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियासाठी विमाने व माणसे मागितली तेव्हा ऑस्ट्रेलियाकडून माणसे मिळाली, आणि त्या ताफ्याचे काही कारागीर तर कूतच्या वेढ्यातच अडकून पडले होते. पथकातील बी.ई.टू.सी. जातीचे विमान नव्वद अश्वशक्तीचे. लाकडाची चौकट, वर कापड, तारांनी आवळलेले. हे यंत्र युरोपच्या थंड हवेत टेहळणी करण्यासाठी बांधले होते. मेसोपोटेमियातील एप्रिलच्या उन्हात, जेथे हवा विरळ होऊन पंखांस पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिन धापा टाकते, तेथे त्याच्या पोटाखाली पिठाची पोती बांधून त्यास आकाशात चढविणे हे काम त्याच्या घडणीबाहेरचे होते. वजन वाचविण्यासाठी बी.ई.टू.सी.चा वैमानिक बहुधा एकटाच जाई; टेहळ्या व त्याची मशीनगन मागेच राही. बॉम्ब टांगण्याच्या जागी पोती अडकवावयाची आणि गावावर येताच कळ ओढून मोकळी करावयाची, अशी एकंदर रीत. जेथे तशी सोय नसे तेथे हातांनी ढकलून देणे आलेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तुर्कांच्या बाजूसही जर्मन विमाने येऊन दाखल झाली, आणि १८ मार्च रोजी त्यांतील एकाने टाकलेला बॉम्ब कूतमधील इस्पितळावर पडून रुग्ण मरण पावले. तो मुद्दाम तेथे टाकला की नेम चुकून पडला हा वाद वेढ्यातील लोकांत बराच झाला. मला वाटते, त्या काळच्या वेधविद्येची स्थिती पाहता असा वादच फोल होता: ज्याला पोते जिभेवर पाडण्याची खात्री नाही त्याला बॉम्ब ठरावीक छपरावर पाडण्याची खात्री कोठून असणार?

८ मार्चला एल्मरचा दुजैलाच्या बुरुजावरील हल्ला फसला. जनरल गोरिंज त्याच्या जागी आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हन्नाचे मोर्चे त्याने घेतले, पण पुरात बुडालेल्या चिखलातून सन्नैयतपुढे त्याचेही पाऊल पडेना. कूतमधील रोजचा शिधा उतरत उतरत काही औंस पिठावर आला. घोड्याखेचरांचे मांस होते. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते धर्माच्या व जातीच्या भीतीने नाकारले होते. टाउन्शेंडने हिंदुस्थानातून निरनिराळ्या धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवून घेतल्या व त्या पलटणांत वाचून दाखविल्या. तरीही बरेच लोक एप्रिल लागेपर्यंत बधले नाहीत, आणि रक्तपितीने खंगत गेले. दूर बसून त्यांच्या हट्टास हसणे सोपे आहे. परंतु गावी परतल्यावर पंगतीतून उठविले जाईल ही भीती ज्याने अनुभवली नाही त्याने त्या हट्टाचा न्याय करण्याच्या भरीस पडू नये.

अशा स्थितीत विमानांनी धान्य टाकावे असा निर्णय झाला. रोज सुमारे पाच हजार पौंड, म्हणजे साठ मण जिन्नस आत पडला पाहिजे, असा हिशेब मांडला गेला. तेरा हजार तोंडांत वाटले तर तो माणशी तीन छटाक होतो; जगण्यास पुरत नाही, पण मरणे लांबविण्यास पुरतो. १५ एप्रिलला उड्डाणे सुरू झाली. पहाटे वारा पडलेला असे तेव्हा पहिली खेप. दिवस चढला की उन्हाने हवा उसळू लागे व विमान हेलकावे खाई. एप्रिलची वादळे आली की काही दिवस खेपा अगदीच थोड्या होत. खाली जिभेवर माणसे डोळे लावून उभी असत. पोती सुटलेली दिसत, वाढत जाणारे ठिपके दिसत, आणि त्यांतील काही नदीच्या पात्रात शिंतोडे उडवीत नाहीशी होत, काही उत्तरेच्या बाजूस तुर्कांच्या ओळींत जाऊन पडत, तेव्हा दोन्ही बाजूंकडून ओरडा होई. फक्त ओरडण्याचा अर्थ वेगळा. २६ एप्रिल रोजी नौदलाचे एक विमान शत्रूच्या वेगवान फॉकरने गाठून पाडले. ज्याच्या पोटाशी पोती बांधलेली आहेत त्या विमानास वळून लढता येत नाही, आणि पळताही येत नाही.

२९ तारखेपर्यंत सुमारे १४० खेपा झाल्या व १९,००० पौंडांच्या आसपास माल टाकला गेला. सरासरी काढली तर दर खेपेस एकशे पस्तीस पौंड, म्हणजे साधारण एका माणसाचे वजन. आणि दर दिवसास तेराशे पौंडांहूनही कमी. मागणी पाच हजारांची, पुरवठा तिच्या चौथाईचा. यांतील प्रत्येक पोते अगदी सेनापतीच्या दारात पडले असते, एक दाणाही नदीत गेला नसता, तरी माणशी वाटा पाऊण छटाकाचाच होता. लक्ष्यवेधाच्या चुकीने या पाऊण छटाकातील थोडे पीठ मासळीच्या वा तुर्कांच्या मुखी गेले, एवढाच त्या चुकीचा हिशेब आहे. जेथे टाकणाऱ्याच्या झोळीतच चौथाई होती, तेथे नेम चुकला की लागला हा प्रश्न दुय्यम ठरतो.

जेथे नेमच निर्णायक ठरला असे उदाहरण पाहावयाचे असेल तर ते पुढल्या महायुद्धात, आमच्याच सरहद्दीवर सापडते. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक या टेकडीवरील खेड्यात पन्नासावी हिंदी छत्रीधारी ब्रिगेड जपान्यांच्या गराड्यात सापडली. तिच्या जोडीस पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. येथे विमाने मोठी होती, ओझे टनांनी येत होते, छत्र्या होत्या. परंतु कूतची जीभ मैलांनी मोजावी लागे, तर सांगशाकचा घेर काहीशे यार्डांतच संपत असे. टेकडीवर पाणी नव्हते, पाणीही आकाशातूनच यावयाचे. आणि टाकलेल्या छत्र्यांपैकी बहुसंख्य वाऱ्याने घेराबाहेर जपान्यांकडे गेल्या. एक विमान मात्र खालून येऊन आपला माल बरोबर आत टाकून जाई. त्याचे कर्मचारी पूर्वी याच ब्रिगेडबरोबर सराव केलेले होते. चार दिवसांच्या निकराच्या लढ्यानंतर २६ मार्चच्या रात्री शिबंदीस टेकडी सोडून निघून जाण्याचा हुकूम आला. त्या चार दिवसांत जपान्यांची कोहिमाकडील चाल थांबून राहिली, हे इतिहासाने उशिरा का होईना मान्य केले. सांगशाकला विमाने पुरेशी होती आणि नेम अपुरा पडला. कूतला नेम कितीही साधला असता तरी विमाने अपुरीच पडली असती. या दोन घटनांस एकाच वाक्यात बसविणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

कूतसाठी शेवटचा उपाय नदीचाच राहिला. ज्या ‘जुल्नार’ नावाच्या आगबोटीवर २७० टन रसद चढविण्यात आली, तिला पोलादी पत्रे ठोकून २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या तोफांखालून वर पाठविण्यात आले. दोनशे सत्तर टन! विमानांच्या त्याच सरासरीने हा माल टाकावयाचा तर साडेचार हजारांच्या जवळपास खेपा लागल्या असत्या; आणि रोज पाच हजार पौंड या हिशेबाने तो चार महिने पुरला असता. तुर्कांनी नदीत आडवा तारदोर ताणून ठेवला होता. मगासिसपाशी बोट त्यात अडकून किनाऱ्यास लागली. तिचे दोन मुख्य अधिकारी, फर्मन आणि कौली, यांचा अंत तेथेच झाला; दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २७० टन धान्य तुर्कांच्या कोठारात गेले. मग तहाची बोलणी निघाली. टी. ई. लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट हे दोघे तुर्कांचा सेनापती खलील पाशा याच्या भेटीस गेले. शिबंदीस सोडून द्यावे म्हणून आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ करण्यात आले होते. पाशाने ते नाकारले, व नाकारल्याची बातमी जगभर पसरू दिली. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउन्शेंडने तोफा फोडून टाकल्या आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांना सोडविण्यासाठी झालेल्या लढायांत मेलेल्या व जखमी झालेल्यांची संख्या सुमारे २३,००० होती. सेनापतीची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात लागली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलीत नेऊन हिंदी लोकांपैकी पुष्कळांना रास-अल्-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामास जुंपण्यात आले, आणि तेथून परत आलेल्यांपेक्षा न आलेल्यांच्या आठवणी गावांत अधिक राहिल्या.

इतिहासात तारखांचे योग कधी कधी असे जुळतात की त्यांचा उल्लेख न करणे कृत्रिम वाटावे. कूत पडण्याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिलला, बेळगाव येथे लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. ज्या गावच्या नावाची ब्रिगेड तैग्रिसकाठी शिधा संपून शरण जात होती त्याच गावी स्वराज्याच्या मागणीची संस्था जन्मास येत होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि तो ओढून आणण्याचा मोह मी टाळतो. परंतु वर्षभराने संबंध निर्माण झाला, तो येणेप्रमाणे.

कूतच्या पाडावाची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटने जे मेसोपोटेमिया कमिशन नेमले त्याचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये बाहेर आला. त्याने पोती कोठे पडली याची चिंता केली नाही. त्याने विचारले ते हे की, तैग्रिसवर आगबोटी का नव्हत्या? बसऱ्यास बंदराचे धक्के नव्हते. नदी उथळ, तिला खास बांधणीच्या बोटी लागत. सेनापतींनी १९१५ च्या उन्हाळ्यात त्या मागितल्या असता मागणी सिमला, मुंबई व लंडन अशी फिरत राहिली. बसऱ्याहून रेल्वे घालण्याची सूचना खर्चाच्या कारणाने नामंजूर झाली. आणि १९१६ च्या जानेवारीत, एल्मर अपुऱ्या सैन्याने लढत असता, हजारो ताज्या दमाचे शिपाई व तोफा वाहनांअभावी बसऱ्यास अडकून पडल्या होत्या. हिंदुस्थान सरकारने काटकसरीची जी सवय वर्षानुवर्षे जोपासली होती ती त्याने युद्धातही सोडली नाही, आणि शेवटी आगबोटींचे ओझे नव्वद अश्वशक्तीच्या कापडी विमानांच्या पोटाखाली बांधण्याची वेळ आली.

अहवालावरून उठलेल्या वादळात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले. त्यांनी या वादात हिंदुस्थान सरकारची यंत्रणा कालबाह्य व अवजड असल्याचे पार्लमेंटमध्ये बोलून दाखविलेच होते. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनीच हिंदुस्थानास क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. कूत स्वतः तोपर्यंत परत घेतले गेले होते. जनरल मॉड याने नदीवर आधी पुरेशा आगबोटी आणल्या, बसऱ्यास धक्के बांधविले, रसदीचा बंदोबस्त पुरा होईपर्यंत घाई केली नाही, आणि मग १९१७ च्या फेब्रुवारीत कूत व ११ मार्चला बगदाद घेतले. ३० क्रमांकाचे विमानपथक या मोहिमेतही होते. पण आता त्याच्याकडे टेहळणीचे, छायाचित्रांचे आणि माघार घेणाऱ्या तुर्कांवर बॉम्ब टाकण्याचे काम होते, आणि सैन्याचा शिधा नदीने येत होता.